काचेतली मावशी

कुणाच्याही घरी रिकाम्या हातांनी जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण तिकीट काढून संग्रहालय बघायला जाताना पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, अबोलीचा वळेसर, नारळ आणि वर खण घेऊन निघालेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. परवा एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात रखवालदाराने माझी पर्स बाहेर ठेवायला लावली, तेव्हा मला मथुराबाईंची अशी काही आठवण झाली की मी एकटीच हसत सुटले. मग तो रखवालदार शेवटपर्यंत माझ्या मागे मागे फिरत राहिला.

मथुराबाई आमच्या शाळेच्या हेडबाई. मी सावंतवाडीकडची. पेडणे तालुक्यातल्या त्या मराठी प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली आणि हजर व्हायला गेले, तर बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शिक्षण नाही, अनुभव नाही, एकच प्रश्न विचारला.

"चालतंस किती?"

मला वाटलं, शाळा लांब आहे म्हणून विचारतायत. "हवं तेवढं," मी तोऱ्यात म्हटलं.

"बरां," त्या म्हणाल्या आणि माझं नाव हजेरीपटात लिहून घेतलं. त्या 'बरां'मध्ये माझ्या नशिबी काय काय लिहिलंय, हे कळायला वैशाख उजाडावा लागला.

बाई ठेंगण्या, काटक, बारमाही छत्रीवाल्या. पावसात छत्री डोक्यावर, उन्हात डोक्यावर आणि एरवी पोरांच्या दिशेला. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळेच्या पायरीच्या वर त्या असं शुद्ध मराठी बोलत की तालुक्याचे साहेबसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसत. पायरी उतरली की पेडण्याची बोली सुरू. आणि फारच संताप आला की लहानपणी पोर्तुगीज शाळेत घोकलेले आकडे 'उं, दोईश, त्रेश' असे मोजायला लागत. तीनच्या पुढे काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण 'त्रेश'पर्यंत समोरचा माणूस पसार झालेला असे.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे त्यांचा एक प्रश्न. कुणी काही सांगितलं रे सांगितलं, की त्या मान तिरपी करून विचारत, "तू बघलंस?" शिपाई म्हणाला, सगळ्या खिडक्या लावल्या, की "तू बघलंस?" आणि स्वतः जाऊन एकेक जनेल ओढून बघणार. साहेबांनी सांगितलं की शाळेला नवी इमारत मंजूर झाली. बाईंनी अदबीने विचारलं, "आपण बघितलीत?" गोवा राज्य झालं त्या दिवशी आम्ही रेडिओ ऐकून धावत शाळेत आलो, कुणीतरी पेढेही आणले होते. बाईंनी पेढा घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "राज्य जाला? बरां जाला. उद्या पेडण्याची पयली बस वेळार सुटता काय ती मी बघतंय, मगे सांगतंय तुका." दुसऱ्या दिवशी त्या खरंच बसस्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या. बस उशिराच सुटली. बाईंना मनातून बरं वाटलं असावं.

अशा या पुराव्याशिवाय पाणी न पिणाऱ्या बाई एका बाबतीत मात्र कुणाकडेही पुरावा मागत नसत. ती बाब म्हणजे मावशी.

बाईंच्या गावच्या देवीला एक धाकटी बहीण होती. दोघी चालत चालत कुठूनतरी येत होत्या. डिचोलीकडच्या एका डोंगरीशी आल्यावर धाकटीची ढोपरं दुखायला लागली. ती म्हणाली, "तू हो पुढे, मी जरा बसते." थोरली पेडण्याला आली आणि देवळात स्थिरावली. धाकटी बसली ती बसलीच. पुढे त्या डोंगरीवर इगर्ज, म्हणजे चर्च, उभी राहिली, मोठी नव्हे, लहानशीच, चुन्याची. धाकटी त्या इगर्जीत सायबीण, म्हणजे मेरीमाता, म्हणून राहिली. "घर बदाललां म्हणान नातां बदालता?" असं बाई विचारायच्या. देवी आई, म्हणून सायबीण मावशी. इतकं साधं होतं ते.

तर दर वर्षी वैशाखात आईकडून मावशीला तेल जायचं. मावशीच्या पायांना तेल लावायचं, अबोली घालायची, ओटी भरायची आणि तिच्याकडून एक मेणबत्ती आणून आईसमोर लावायची. हा मान बाईंच्या घराण्याचा. घरातले पुरुष थकले, भाचे पणजीला आणि मुंबईला नोकऱ्यांना लागले. "एवढ्या लांब बाटली घेऊन कोण जाणार?" म्हणाले. तेव्हापासून बाईंनी बाटली उचलली होती. त्यांचं म्हणणं असं की एक वर्ष जरी तेल चुकलं, तरी दोघी बहिणी एकमेकींना मेल्या. आणि नियम कडक: पहाटे घरातून निघाल्यापासून तेल मावशीच्या पायांना लागेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही.

सोबत येणाऱ्याने, म्हणजे मीही, उपाशी राहावं असा नियम नव्हता. पण मथुराबाईंच्या शेजारी बसून खाऊन दाखवा तुम्ही! त्यातून म्हापशाला बस बदलताना त्या पाववाल्या पोदेराकडून गरमागरम पोई घेत आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवत. तेल पोचलं की पहिला घास पोईचा, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे म्हापशापासून डिचोलीपर्यंत तो पावाचा वास माझ्या नाकाखाली आणि मी जांभया देत बसलेली.

"बाई, लाकडाच्या मूर्तीला काय कळणार, तेल कुणी आणलं ते?" मी भुकेने चिडून एकदा म्हटलं.

"तुका कळता मां? मगे गप बस."

भाषेच्या भांडणाचे ते दिवस होते. एका वर्षी वाटेत रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं. बस थांबली. पोरं घोषणा देत होती, कंडक्टर घामाघूम. बाई छत्री उघडून खाली उतरल्या. झाडावर उभा असलेला दाढीवाला त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"काय रे, पाढे पाठ जाले?" बाईंनी विचारलं. दाढीवाला झाडावरून खाली उतरला. "माझा मावशीकडे तेल जाता. तुमचा भांडाण जाल्यावर झाड परत घाला. उं... दोईश..."

झाड बाजूला झालं. ती पोरं मराठीवाली होती की कोकणीवाली, हे मला आजपर्यंत माहीत नाही, कारण बाईंनी विचारलंच नाही. बस सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "आई मराठीत ऐकता, मावशी कोकणीत ऐकता. माका दोनय येतत. ह्यांका काय जाता?"

मग ते वर्ष आलं. डोंगरीच्या पायथ्याशी उतरलो तर खाली खाणीच्या ट्रकांची रांग, सगळीकडे लाल धूळ, आणि वर इगर्जीच्या भिंतीवर नवी कोरी पाटी: 'ऐतिहासिक चर्च व संग्रहालय'. मी हरखले. बाईंनी पाटीकडे असं बघितलं जसं एखाद्या उनाड पोराच्या पाटीकडे बघत.

आत बाजूच्या वेदीवर मावशीच्या जागी दुसरीच मूर्ती. गुलाबी गालांची, गुळगुळीत, डोक्यामागे विजेचे दिवे लुकलुकणारी.

"ही कोण गो?" बाई माझ्या कानात म्हणाल्या.

"सायबीणच ना."

"ही मावशी? मावशी सावळी. नाकार ओरखडो. ही खंयची तरनाटी आणून बसयली?" मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, वळेसरातलं एक फूल मोडून त्यांनी त्या नव्या मूर्तीपुढे ठेवलं. "नवी आसा. तिका कित्याक राग?" म्हणाल्या.

मावशी सापडली ती बाजूच्या खोलीत. तेच संग्रहालय. दाराशी मेज टाकून कार्मेलीन बसली होती. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, झुलत्या कानातल्यांची. पूर्वी इगर्जीची झाडलोट हीच करायची आणि बाईंना मेणबत्तीही हीच आणून द्यायची. आता तिच्यापुढे तिकिटांचं पुस्तक होतं आणि त्यामुळे चेहऱ्यावर सरकार आलं होतं.

"मथुराबाय, आतां तेल ना जायना गो," ती हळहळून म्हणाली. "फादरान सांगलां. हात लावंक जायना, फुलां ना, तेल ना. पळोवंक जाय जाल्यार तिकीट."

"फादर खंय?"

"न्हिदला. तीन वरांचेर उठतलो."

बारा वाजायला आले होते, म्हणजे फादर झोपेतून उठायला अजून तीन तास. मी मनात 'उं' ऐकायची तयारी केली. पण त्यांनी कमरेची पिशवी काढली, दोन तिकिटं घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मावशीकडे पाहुणी म्हणून नव्हे, पर्यटक म्हणून शिरल्या.

खोली लहान होती. जरीचे जुने झगे, चांदीची समई, वाळवीने खाल्लेला कोरीव खांब, एक फुटकी घंटा. दोरी बांधलेली एक भली थोरली शिसवी खुर्ची होती; कुणी गव्हर्नर तिच्यावर म्हणे बसला होता. आणि कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, काचेच्या पेटीत मावशी. सावळी, हातभर उंचीची, नाकावर ओरखडा. खाली कार्ड: 'लाकडी मूर्ती, कारागीर अज्ञात.'

बाईंनी कार्ड वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. "गो प्रभा," त्या म्हणाल्या, "हिका एक भयण आसा, तां कार्डार कोणी बरवकच नाय."

आम्ही किती वेळ तिथे उभ्या होतो कोण जाणे. मागे दार वाजलं, कुलूप लागलं. कार्मेलीनने दारातून डोकावून बघितलं असणार आणि कपाटाआड आम्ही दिसलो नसणार. शिवाय त्या खोलीत इतका वेळ थांबणारं माणूस तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती घरी जेवायला आणि झोपायला गेली. गोव्यात दुपारच्या झोपेपुढे इतिहास काय करणार! मी ओरडले, दार बडवलं. खालून ट्रकांची घरघर अशी चालू होती की माझं मलाच ऐकू येईना.

भुकेने मला भोवळ यायची बाकी होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मावशीच्या पेटीला कुलूप नव्हतं. काच नुसती बाजूला सरकवायची.

"बाई! सरकवा, बोटभर तेल लावा, परत बंद करा. कुणाला कळतंय? आणि ती पोई काढा बघू."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. "मावशीच्या घरात, घरातला माणूस भायर गेल्यार, चोरासारखो हात घालू? माका मान हा गो. मान दिवचो लागता, चोरूक येना नाय."

मग त्यांनी शांतपणे गव्हर्नरच्या खुर्चीची दोरी सोडली, पदराने धूळ झटकली आणि बसल्या. मी किंचाळायच्या बेतात. "कदेल बसूक आसता," त्या म्हणाल्या. बसल्या बसल्या हात जोडून त्यांनी मावशीला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, आणि ते काम माझं.

"बा माये, सावळ्या मावशे, आईन तेल धाडला हा, ता काचेभायर ऱ्हवला!"

"व्हय म्हाराजा," मी पोटावर हात धरून.

"जेणी तुका काचेत घातली, तेचा मन मऊ कर!"

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या प्रभाच्या भुकेक जरा दम दी!"

त्यावर मी अगदी मनापासून व्हय म्हाराजा म्हटलं. गाऱ्हाणं संपलं तसा बाईंचा डोळा लागला. मी घंटेला टेकून जमिनीवर बसले.

तीन वाजता कुलूप उघडलं. कार्मेलीनच्या मागे फादर आणि त्यांच्या मागे बसभर पर्यटक, पुण्यामुंबईकडचे. कपाटाला वळसा घालून सगळे आत आले आणि थबकले. शिसवी खुर्चीत, छत्री मांडीवर आडवी, हात खुर्चीच्या कोरीव सिंहांवर, डोळे मिटलेली एक बाई.

"अगदी जिवंत वाटते, नाही?" एका गृहस्थाने बायकोला म्हटलं आणि फोटो काढला. त्या उजेडाने बाईंनी डोळे उघडले. ती बायको अशी किंचाळली की फुटकी घंटासुद्धा वाजली असती.

"म्हज्या देवा! मथुराबाय!" कार्मेलीनने कपाळाला हात लावला. "म्हाका दिसलें तूं गेलीस! जेवलीस तरी?"

"तेल पोचूक नाय," बाई म्हणाल्या. "कशी जेवतलंय?"

"सकाळसावन? उदकूय ना?" कार्मेलीनच्या तोंडावरचं सरकार तिथल्या तिथे गळून पडलं. आपल्या घरी आलेली दोन माणसं कुलपात उपाशी ठेवून आपण जेवून झोपलो, हे तिला सोसवेना. ती रडवेली होऊन फादरकडे वळली. फादर तरुण, सभ्य, नुकतेच उठलेले. ते म्हणाले की वाईट झालं खरं, पण पेटी उघडता येत नाही, नियम आहे, फक्त साफसफाईलाच उघडायची.

कार्मेलीनने नाक पुसलं. "जाल्यार फादर, आयज साफसफाई."

"आज?"

"दर वर्सा ह्याच दिसा. लाकूड न्हय तें? तेल लावन पुसचें पडटा." आणि उत्तराची वाट न बघता तिने काच सरकवली.

फादरनी एकदा पर्यटकांकडे बघितलं, एकदा खुर्चीतल्या बाईंकडे. मग ते पर्यटकांना म्हणाले, "चला, आपण आधी बाहेरचा क्रूस बघू." भला माणूस होता.

बाईंनी तेल लावलं. कार्मेलीनने मेणबत्ती दिली. बाहेर पायरीवर बसून आम्ही पोई खाल्ली, त्याबरोबर कार्मेलीनने घरून आणलेलं आंब्याचं लोणचं. एवढं चविष्ट जेवण मी पुन्हा जेवले नाही. त्या वर्षापासून तो दिवस संग्रहालयाचा साफसफाईचा दिवस ठरला तो ठरलाच. पुढल्या वर्षी गेलो तर कार्डावर एक ओळ वाढली होती: 'थोरली बहीण पेडण्यास असते.' बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि शुद्धलेखन बरोबर आहे असं मला सांगितलं.

बाई निवृत्त झाल्या तरी तेल चालू राहिलं. पण ढोपरं संपावर गेली. एकदा बसमध्ये त्या अचानक म्हणाल्या, "माझ्या मागसून कोण गो?" भाच्यांना त्यांनी पत्रं घातली होती, विचारून झालं होतं.

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू भायली. आणि तुझो विश्वास नाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला राग आला. खोटं कशाला सांगू, लागलंही. इतकी वर्षं उपाशी कोण बसलं होतं?

शेवटच्या खेपेला डोंगरीच्या पायथ्याशी उतरलो. बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरी जमली नाही. पुन्हा ठेवला. मी हात धरला तो त्यांनी झटकला. तिसऱ्यांदा जमलं नाही तेव्हा त्या पायथ्याच्या क्रूसाजवळच्या चिऱ्याच्या सोप्यावर, दगडी कट्ट्यावर, बसल्या. तोंड सुकलं होतं. छत्री उघडी, पोईची पिशवी मांडीवर. खूप वेळाने त्यांनी बाटली माझ्याकडे धरली.

मी वर गेले. कार्मेलीन आता म्हातारी झाली होती. तिने माझ्यामागे वळून बघितलं, कुणी नाही म्हटल्यावर काही न विचारता काच सरकवली. मी मावशीच्या पायांना तेल लावलं. आता काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तोंड उघडलं तर बाईंचीच बोली बाहेर पडली. "बा माये, सावळ्या मावशे, आईन तेल धाडला हा..." आणि मागून, ट्रकांच्या घरघरीत, कार्मेलीनचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

खाली आले. बाई होत्या तशाच बसल्या होत्या, पिशवीची गाठ न सोडता. मी मेणबत्ती त्यांच्या हातात दिली.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

लाकडाच्या मूर्तीला काय कळतं म्हणणारी मी. पण उत्तर देताना मी अडखळले नाही. "म्हणाली, ढोपरां दुखली म्हणान तर मी हयसर बसलंय. थोरलीक सांगलंय, तू हो फुडे. तुका सांगतंय, तू बस, बाकीचे चलतले."

बाईंनी मान तिरपी केली. मी थांबले. आता येणार, 'तू बघलंस?' येणार. मला ते माहीत होतं आणि माझ्याकडे काही पुरावा नव्हता.

बाई डोंगरीवरच्या त्या पांढऱ्या इगर्जीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पोई काढली, तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"थंड जाली," चावता चावता त्या म्हणाल्या आणि उरलेली माझ्यापुढे केली. "खा गो, सकाळपासून उपाशी आसंस."